बाभळीच्या मेजावरचे तीन काळे पट्टे

हार्डवेअरच्या दुकानात बाई एकटी गेली की दुकानदार आधी तिच्या मागं बघतो. कुणी पुरुष येतोय का, गाडी लावतोय का. कुणीच आलं नाही की मग चेहऱ्यावर असं काही हसू आणतो की मला तिथलाच एखादा हातोडा उचलावासा वाटतो. शिरूरच्या स्टँडजवळच्या त्या दुकानात मी बारा वर्षं जातेय. पटाशी, गिरमिट, स्क्रू, पॉलिश पेपर, सगळं तिथूनच घेतेय. तरी त्या दिवशी मी म्हणलं, पाऊण इंची पाइप क्लॅम्पचे पाच सेट द्या आणि त्यांना लागणारा पाइप द्या, तर हा बाबा मला म्हणतो, "ताई, मिस्त्रींना फोन लावून द्या ना. नक्की काय पायजे ते मीच विचारतो त्यांना."

"मिस्त्री मीच हाय," म्हणलं.

"तसं न्हाई ओ ताई. वापरणार कोण हाय?"

आता याला काय सांगायचं? मी सुताराची पोरगी आणि स्वतःही सुतार. चौकटी, पलंग, शाळेची बाकं, लोकांच्या स्वयंपाकघरातली कपाटं, सगळं करते. घरामागं पत्र्याची शेड आहे, तिथं माझं काम चालतं. नवरा रांजणगावला कंपनीत शिफ्टला जातो. त्याला खिळा सरळ ठोकता येत नाही आणि तो ते कबूल करतो, म्हणून आमचं जमतं. पण तो नुसता माझ्या शेजारी उभा राहिला तरी दुकानदार त्याच्याशीच बोलणार. त्याला विचारणार, साहेब किती इंची देऊ. आणि हा माझ्याकडं बघणार.

पाइप क्लॅम्प म्हणजे आमचा जुना शिकंजाच. फळ्यांच्या कडांना गम लावायचा, त्या एकीला एक भिडवायच्या आणि गम सुकेपर्यंत दोन्ही बाजूंनी दाबून धरायच्या, एवढंच त्याचं काम. पाइपाच्या एका टोकाला आटे पाडलेले असतात, तिथं स्क्रूचं तोंड बसतं. दुसरं तोंड पाइपावर मागंपुढं सरकतं आणि जिथं सोडाल तिथं दात रोवून धरतं. पाइप हवा तेवढ्या लांबीचा घेता येतो ही त्याची खुबी. अर्धा इंचीही मिळतो. फोटोची फ्रेम करायची असेल तर खुशाल घ्या. फळ्यांना जोर लावायचा असेल तर अर्धा इंची वाकतो, म्हणून पाऊण इंची घ्यायचा, आणि तोही निदान बी क्लास. ए क्लास पातळ असतो, तो नळाला ठीक आहे. हे सगळं मला आप्पांनी शिकवलं. आप्पा म्हणजे माझे वडील. आणि त्या दिवशी घरातून निघताना त्यांनी पुन्हा बजावलं होतं, "काळा पाइप आण. जस्ताचा नको, त्याच्यावर पकड घसरती."

दुकानदार म्हणाला, "काळा आता कोण ठेवतंय ताई? जीआय न्या, जस्ताचा. गंजत न्हाई, तुम्हालाच बरं पडंल." बी क्लास मागितला तर म्हणाला, ए क्लासच आहे, सगळे हाच नेतात. मला पाणी खेळवायचं नाही असं म्हणलं, तर हसला. मी पंधरा मिनिटं भांडले, मग कंटाळले, आणि तो म्हणाला तो पाइप घेऊन आले. स्वतःचा राग येतो तो याचा. भांडायचं तर शेवटपर्यंत भांडावं.

पाच क्लॅम्प एकदम कशाला लागले ते सांगते. आमच्या चर्चमधलं प्रभुभोजनाचं मेज, म्हणजे ज्याच्यावर भाकर आणि प्याला ठेवतात ते, वाळवीनं खाल्लं होतं. पंच कमिटीत ठरत होतं की पुण्याहून तयार टेबल आणावं, वर काच बसवलेलं. तर आप्पा मंडळीच्या सभेत उभे राहिले आणि म्हणाले, "मेज माझ्या घरून येईल." आता आप्पांना काचबिंदू झालाय. डाव्या डोळ्यानं आधीच दिसत नव्हतं, उजव्यानं गेल्या दोन वर्षांत दिसेनासं झालं. एक पंच हळूच म्हणाले, "आप्पा, आता तुम्हाला..." आप्पा म्हणाले, "माझी पोरगी करील. मी शेजारी बसून सांगीन."

आप्पा लहानपणी मिशनच्या वर्कशॉपात सुतारकाम शिकले. मग आयुष्यभर कंपनीत ओतकामासाठी लाकडाचे साचे केले, ते साचे भट्टीपाशी गेले आणि झिजून फेकले गेले. घरोघरी त्यांची कामं आहेत, पण ज्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, तिथं त्यांच्या हातची एक खुर्चीसुद्धा नाही. त्यांना एवढंच हवं होतं की त्यांच्या हयातीत एक काम तिथं जावं आणि त्याला कुणी नाव ठेवू नये. दुसरं काही मागितलं नाही त्यांनी माझ्याकडं. कधीच मागितलं नाही.

लाकूड त्यांनीच ठरवलं. सागवान कुणीही आणील, म्हणाले, मेज बाभळीचं पाहिजे. बायबलात मोशेच्या निवासमंडपातलं मेज बाभळीचं होतं हे आम्ही सगळ्यांनी संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं. आजवर कुणाला सुचलं नव्हतं, कारण बाभळीचं टेबल करणाऱ्याला वेड्यात काढतील अशी ती जात. गाडीचं चाक करा, कुळव करा. रंध्याला जुमानत नाही. पण आप्पा हटून बसले. दौंडला नात्यातल्या एकांच्या बांधावर जुनी बाभळ उन्मळून पडली होती, ती तिथल्याच वखारीत कापून फळ्या आमच्या शेडमध्ये रचून ठेवलेल्या होत्या. दोन वर्षं वाळल्या होत्या. आत लालसर, तांबूस, मधेच गडद रेघा. खरंच देखणं लाकूड निघालं, ते मी मान्य करते.

तर मी जस्ताचे पाइप घेऊन घरी आले. आप्पांनी एकावर नख वाजवलं, टोकाला अंगठा फिरवला. "ए क्लास. आन् जस्ताचा." एवढंच म्हणाले.

"धरतो का नाही ते बघू तरी," मी म्हणलं.

गम न लावता फळ्या नुसत्या आवळून बघितल्या. हे आधी करायचंच असतं, गम लावल्यावर चूक कळून उपयोग नसतो. तिसरा क्लॅम्प आवळताना सरकणारं तोंड सर्रकन मागं गेलं आणि माझी करंगळी फळी आणि पाइपामध्ये सापडली. बाकीचे पाइप मधे वाकले, त्यांच्याबरोबर फळ्याही कमान झाल्या. आप्पांनी आवाजावरून ओळखलं. बोलले असते तर बरं झालं असतं, मला निदान उलट बोलता आलं असतं.

मग मी स्कूटीवरून कारेगावला गेले. तिथं कंपन्यांच्या आसपास फॅब्रिकेशनची दुकानं आहेत. एका दुकानात वेल्डिंग करणारा एकटाच माणूस होता. त्याच्यासमोर क्लॅम्पचं तोंड धरलं. त्यानं चष्मा वर केला, ते हातात घेऊन फिरवून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, इसके लिए काला पाइप लो, बी क्लास. जीआय फिसलता है." माझ्या मागं कोण आलंय ते त्यानं बघितलं नाही. कोण वापरणार ते विचारलं नाही. पाच तुकडे कापले, आटे पाडले, वरचं तेल फडक्यानं पुसून दिलं, आणि म्हणाला, लकडी पे सीधा मत रखना. मी हो हो म्हणलं. कुठल्या कुठून आलेला माणूस तो, त्याला एका नजरेत कळलं, आणि बारा वर्षं ओळखणाऱ्याला कळत नाही. मला इतका राग आला की त्याचं शेवटचं वाक्य माझ्या कानात शिरलंच नाही.

येताना हायवेवर ट्रक आडवा पडलेला. तासभर उन्हात, पायाशी पाच पाइप बांधलेले, मागून हॉर्न. घरी पोचले तर शेडमध्ये पंचांपैकी एक गुरुजी बसलेले. रिटायर्ड माणूस, वाईट नाहीत, पण मोबाईल काढून मला पुण्याच्या टेबलांचे फोटो दाखवायला लागले. "ताई, टेन्शन घेऊ नका. न्हाई जमलं तर हे हायेच की." आप्पा तिथंच खुर्चीवर बसलेले, ऐकत. मी आमच्या चर्चच्या रीतीनं म्हणलं, "गुरुजी, सलाम. चहा घ्या." आणि काय बोलणार? दुसरं काही तोंडातून निघालं असतं तर पुढच्या रविवारी पंचांपुढं उभं राहावं लागलं असतं.

त्या रागातच मी गम लावायला घेतला. आता दाखवतेच यांना, असं डोक्यात. दोन कडांना लावून झाला तेव्हा आप्पा म्हणाले, "काळ्या पाइपाला कागद गुंडाळ. बाभळ हाय. लोखंड आन् वला गम एकत्र लागला की काळी पडती."

मी म्हणलं, "हो."

आणि गुंडाळला नाही. वर्तमानपत्राची रद्दी स्वयंपाकघरात होती, दहा पावलांवर. पण गम सुकायला लागला होता, गुरुजी बघत होते, आणि मधेच थांबून आत कागद आणायला गेले असते तर त्यांना वाटलं असतं की हिला जमत नाही. हे असलं कारण. लिहिताना लाज वाटते.

बाकी सगळं बरोबर केलं. चांगली बाजू खाली ठेवली. तीन क्लॅम्प खालून, दोन वरून, म्हणजे फळ्या एका बाजूला कमान होत नाहीत. एकच आवळून टाकायचा नाही, पाचही थोडे थोडे आवळत जायचं. सांध्यातून गमाचे बारीक मणी बाहेर आले की थांबायचं. जास्त आवळला तर सगळा गम पिळून निघतो आणि सांधा कोरडा राहतो. मणी आले, मी थांबले. सरळ पट्टी ठेवून बघितली, कुठं उजेड दिसत नव्हता. गुरुजी गेल्यावर आप्पांनी विचारलं, "कागद लावलास ना?"

"लावला," म्हणलं.

दुसऱ्या दिवशी क्लॅम्प सोडून मेजाचा माथा उलटा केला. तांबूस लाकडावर तीन आडवे काळे पट्टे. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, तव्याच्या बुडासारखे. मी ओल्या फडक्यानं पुसलं तर आणखी पसरले. एका कोपऱ्यावर रंधा मारून बघितला, काळं आत उतरलेलं. ते काढायचं तर अख्खा माथा खाली घ्यावा लागणार, आणि बाभळीला रंधा मारणं म्हणजे दोन दिवस अंग मोडून घेणं. शनिवारी संध्याकाळी मेज पोचवायचं होतं. पाय जोडायचे राहिले होते, पॉलिश राहिलं होतं. आप्पा पुढच्या खोलीत रेडिओ ऐकत होते.

तेवढ्यात गुरुजी पुन्हा आले. बघून म्हणाले, "एवढंच ना? वरून पांढरं कापड तर असतंच की कायम. कुणाला दिसणार हाय?" मी त्यांना म्हणलं, कापडानंच झाकायचं होतं तर मी प्लायवूड ठोकून दिलं असतं, बाभळीशी झक मारायची गरज नव्हती. गुरुजींचा चेहरा पडला, ते गेले. आणि त्यांना एवढं सुनावून मी केलं काय, तर पाय जोडले, पट्ट्यांवरच पॉलिश चढवलं आणि कापडाच्या भरवशावर मेज तयार करून ठेवलं. त्यांचंच ऐकलं. फक्त त्यांना शिव्या देऊन ऐकलं.

शुक्रवारी आप्पांनी मेज तपासलं. त्यांची बोटं म्हणजे काय सांगू, कागदाएवढा चढउतार त्यांना कळतो. अर्धा तास फिरवत होते. कडा, कोपरे, पायांचे जोड, मग माथा, पुन्हा माथा. त्यांचा अंगठा त्या काळ्या पट्ट्यांवरून गेला, परत आला, परत गेला. रंग बोटाला लागत नाही. शेवटी म्हणाले, "सांधा कुठं हाय? सापडत न्हाई." आणि हसले. डोळे गेल्यापासून मी त्यांना असं मोकळं हसताना बघितलं नव्हतं. तेव्हाच सांगायचं होतं. एक दिवस हातात होता, नवऱ्याला सुट्टी काढायला लावली असती, रात्रीचा दिवस केला असता. तोंडाशी आलेलं मी गिळलं, वर म्हणलं, "तुम्हीच तर सांगितलं तसं केलं."

रविवारी मेज चर्चमध्ये मांडलेलं होतं, वर इस्त्रीचं कापड. पाळकसाहेबांनी आप्पांचं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रभुभोजन झालं. आप्पा सगळ्यात शेवटी उठले, मेजाच्या कडेला हात लावून उभे राहिले. लोक येऊन सलाम करत होते.

आता आमच्याकडं पद्धत अशी की प्रभुभोजनाचं कापड त्याच दिवशी धुवायला न्यायचं. महिला मंडळाच्या पाळ्या लावलेल्या असतात. मी त्या मंडळात आहे. ते कापड मी स्वतः कितीदा घरी नेऊन धुतलंय. आणि तरी मला सुचलं नाही. चार दिवस मी या कापडाच्या भरवशावर होते आणि ते तासाभरात उचललं जाणार हे माझ्या डोक्यात आलं नाही. जिची पाळी होती ती बाई आली, तिनं कापड उचललं, घडी घातली आणि आप्पांना कौतुकानं म्हणाली, "आप्पा, काळे पट्टे लई भारी दिलेत. मुद्दाम दिलेत व्हय?"

तिची काही चूक नाही. तिला खरंच आवडले होते.

आप्पांचा हात मेजावर होता तिथंच थांबला. मी दोन पावलांवर होते, गुरुजी माझ्या शेजारी. गुरुजींनी मान खाली घातली. आप्पा म्हणाले, "व्हय. मुद्दाम. मीच सांगितलं तसं द्यायला."

मग त्यांनी हात काढून घेतला.

घरी येताना ते माझा दंड धरून चालत होते. ऊन वर आलेलं, रस्त्यावर रविवारची गर्दी. मधेच विचारलं, "किती हायेत?"

"तीन."

"कागद लावला न्हाईस."

"नाही लावला."

"मग मला का न्हाई सांगितलंस? रंधा मारला असता. दोघांनी मिळून मारला असता."

ते चिडून बोलले नाहीत. तिथं माझं डोकं फिरलं. दुकानदार, ट्रक, गुरुजी, पुण्याची टेबलं, ती कौतुक करणारी बाई, सगळ्यांचा राग होता माझ्यात, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचाच. तो मी कुणावर काढला, तर ज्याचा काही संबंध नव्हता त्याच्यावर. भर रस्त्यात म्हणलं, "तुम्हाला कुठं दिसणार होतं?"

शब्द तोंडातून गेला. शेजारून जाणाऱ्या दोन माणसांनी वळून बघितलं. आम्ही घरी आलो, जेवलो.

सोमवारी सकाळी मी चर्चची किल्ली मागून आणली. माथ्याचे स्क्रू काढून तो टेंपोत घालून शेडमध्ये आणला. दोन दिवस रंधा मारला. पात्याला चारचारदा धार लावली, तळहाताची सालं निघाली. पहिल्या दिवशी संध्याकाळी एक पट्टा गेला, दुसऱ्या दिवशी बाकीचे दोन. आप्पा पुढच्या खोलीत होते. त्यांना रंध्याचा आवाज ऐकू येत होता, तो कशाचा हे त्यांना कळत होतं. ते शेडकडं आले नाहीत. मी पुन्हा पॉलिश केलं, वाळू दिलं, आणि मग आत जाऊन म्हणलं, "आप्पा, झालं सगळं साफ. चला, हात फिरवून बघा."

"तूच बघ," ते म्हणाले. "मला कुठं दिसतंय?"

टोमणा मारला असता तर मी भांडले असते. टोमणा नव्हता. रेडिओचा आवाज जरा वाढवला त्यांनी.

मेज परत चर्चमध्ये गेलं. आता त्याच्यावर एक डाग नाही. कापड उचललं की लोक थांबून बघतात, बाभळ इतकी देखणी असते होय, म्हणतात, आणि आप्पांना येऊन सांगतात. आप्पा मान हलवतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते माझा दंड धरून मेजापर्यंत येतात, भाकर घेतात, प्याला घेतात, आणि मेजाला हात न लावता परत फिरतात.